नाकारता न येणारी सही

वासंती साळुंकेला कंपनीत लागून अकरा वर्षं झाली होती, तेव्हा तिच्या नावाने एक मेल गेला आणि त्या मेलने तिच्या आयुष्याची माती केली. तो मेल तिने लिहिलेला नव्हता.

कंपनी बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह बनवायची. कारखाना येलहंक्याला, मुख्य ऑफिस बेंगळूर शहरात, आणि माल ठेवायचं गोदाम के. आर. पुरमला रुळांच्या पलीकडे. वासंती मुख्य ऑफिसात गुणवत्ता विभागात होती. कारखान्यातल्या टेस्ट बेंचवर प्रत्येक व्हॉल्व्ह दाबाखाली पारखायचा, त्याचे आकडे वासंतीकडे यायचे, ती ते ओळन्ओळ तपासायची आणि मग कळवायची: लॉट सोडायला हरकत नाही. पूर्वी हे कागदावर चालत असे. चौऱ्याण्णव साली कंपनीने संगणक जोडले आणि कागदाच्या जागी मेल आला.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिच्या नावाचा मेल डिस्पॅचला पोचला. शहाऐंशी व्हॉल्व्ह, चाचणी पूर्ण, माल सोडावा. त्या वेळी वासंती आईला, सोयराबाईंना, घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात बसली होती. अर्ध्या दिवसाची रजा तिने तोंडी मागितली होती. ज्यांनी दिली, त्या साहेबांची पुढच्याच आठवड्यात हैदराबादला बदली झाली आणि त्यांना काही आठवेनासं झालं.

त्या शहाऐंशींपैकी एक व्हॉल्व्ह आनेकलजवळच्या एका रेशमाच्या कारखान्यात बसला. कोष उकळायच्या टाक्यांना वाफ पुरवणारा बॉयलर होता. जुलैत एका सकाळी दाब वाढला, व्हॉल्व्ह उघडलाच नाही आणि वाफेचा नळ जोडापाशी फुटला. शेजारच्या टाकीवर गंगव्वा नावाची बाई कोषाचं सूत काढत बसली होती. तिचे दोन्ही हात आणि तोंडाची डावी बाजू भाजली. एक डोळा गेला.

वासंती तिला बघायला इस्पितळात गेली. कुणी जा म्हणून सांगितलं नव्हतं. खाटेशेजारी उभी राहिली, आपण कुठून आलो ते तिने सांगितलं. गंगव्वाने उरलेल्या डोळ्याने तिच्याकडे बघून विचारलं, "नीनेना सही हाकिद्दु?" सही करणारी ती तूच का?

"नाव माझं होतं," वासंती कन्नडमध्येच म्हणाली. "हात माझा नव्हता."

गंगव्वाने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिच्या दृष्टीने नाव आणि हात यांत काही फरक नव्हता, आणि चौकशीतही तसंच ठरलं.

चौकशीत कारखान्याचे प्रॉडक्शन हेड हयवदन राव यांनी मेलचा छापील कागद टेबलावर ठेवला. उंच, गोरे, कपाळावर माध्व ब्राह्मण लावतात तशी अक्षत-अंगाराची काळी-तांबडी खूण, बोलणं अगदी मृदू. "मला वासंतीबद्दल वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण वर नाव कुणाचं आहे, तुम्हीच वाचा." त्या आठवड्यात माल वेळेत गेला नसता तर हयवदनांची बढती अडली असती, ही गोष्ट कारखान्यात चहावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होती. चौकशीत मात्र ती कुणी काढली नाही. वासंतीला कामावरून काढलं नाही, कारण काढलं असतं तर ती कोर्टात गेली असती. तिला बॅकअपच्या खोलीत पाठवलं.

ही खोली जिन्याखाली होती. रोज प्रत्येक संगणकातली माहिती चुंबकीय टेपवर उतरायची, टेपवर तारीख घालायची, कपाटात लावायची. बोलायला माणूस नाही. श्रीरामपुरमच्या घरी सोयराबाई रोज विचारायच्या, "आज काय केलीस गं ऑफिसात?" आणि वासंती म्हणायची, "टेप लावले." पहिले काही महिने तिच्या मनात एकच गोष्ट घोळायची. हयवदन रावांना एकदा तरी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेलं बघायचं. ते बघितल्याशिवाय नोकरी सोडायची नाही.

खोलीत मेलच्या यंत्रणेची जाडजूड पुस्तकं धूळ खात पडली होती. तिने ती वाचायला घेतली. एका दुपारी पुस्तकात बघून बघून तिने यंत्राला चार ओळी दिल्या आणि तिच्याच डब्यात मेल आला: पाठवणारा, हयवदन राव. ती बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. इतकं सोपं होतं. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसं. तिने तो मेल पुसून टाकला, पण हाताला त्याची चव लागली होती.

पुढे दीड वर्ष तिने जुने टेप धुंडाळले. पंच्याण्णवच्या मे महिन्याचा येलहंक्याचा टेप सापडला, तेव्हा तो मेल कारखान्यातल्या यंत्रावरून निघाला होता आणि त्या घडीला त्या यंत्रावर हयवदनांच्या केबिनमधूनच कुणीतरी काम करत होतं, हे तिला दिसलं. ती टेप घेऊन थेट सुमंतकडे गेली. सुमंत पुण्याहून नुकताच आलेला संगणक विभागाचा प्रमुख, वयाने तिच्याहून सात वर्षांनी लहान. त्याने सगळं नीट बघितलं.

"मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "पण एक सांगा, हा टेप दोन वर्षं कुणाच्या ताब्यात होता?"

वासंतीने टेबलावरचा टेप उचलून हातात घेतला.

"तेच ते म्हणतील. बाईंनी खोलीत बसून टेपवर हवं ते लिहिलं. आणि प्रॅक्टिकली, तुम्ही लिहू शकला असता."

तिला त्याचा राग आला नाही. त्या संध्याकाळी बसमध्ये उभ्याने जाताना तिला पहिल्यांदा नीट उमगलं की आपल्याला कसा पुरावा हवा. जो आपण स्वतः ठरवलं तरी खोटा बनवू शकणार नाही, असा.

अठ्ठ्याण्णव साली ती संधी चालत आली. हॉलंडच्या एका गिऱ्हाइकाने मोठी मागणी दिली आणि अट घातली: प्रत्येक व्हॉल्व्हचा चाचणी दाखला संगणकावरून येईल आणि त्यावर तपासणाऱ्याची अशी डिजिटल सही असेल जी दुसऱ्या कुणाला करता येणार नाही आणि केल्यावर नाकारता येणार नाही. मोठ्या साहेबांनी काम सुमंतच्या गळ्यात घातलं. सुमंत जिना उतरून बॅकअपच्या खोलीत आला, तेव्हा वासंतीच्या टेबलावर त्याच विषयाचे छापील कागद आधीपासून पडलेले होते.

"हे तुम्हाला येतं?"

"समजतं," ती म्हणाली. "करून बघितलेलं नाही."

या सह्यांचं गणित अवघड, पण कल्पना साधी. प्रत्येकाला किल्ल्यांची जोडी मिळते. एक खासगी, जी त्याच्याकडेच राहते आणि जिने तो सही करतो. दुसरी सार्वजनिक, जी जगाला देऊन टाकायची. तिने कुणीही ती सही ताडून बघू शकतो. ही सार्वजनिक किल्ली अमक्याचीच, असं सांगणारं प्रमाणपत्र कंपनी देते, आणि त्या प्रमाणपत्रावर कंपनीच्या मूळ किल्लीची सही असते. मूळ किल्ली फुटली की सगळंच फुटलं.

वासंती आराखड्याला भिडली. तिने सुरुवात यंत्रांपासून केली नाही, माणसांपासून केली. वही घेऊन ती प्रत्येक विभागात गेली आणि कोण कशावर सही करतं ते लिहून घेतलं. खरेदी विभागात एकाच कारकुनाच्या ड्रॉवरमध्ये चार साहेबांचे पासवर्ड चिकटवलेले सापडले. बासष्ट जणांची यादी तिने एकेचाळीसवर आणली. मूळ किल्लीसाठी एक संगणक वेगळा काढला, त्याची तार कुठल्याही दुसऱ्या यंत्राला जोडायची नाही असं ठरवलं आणि तो बॅकअपच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. कपाटाला दोन कुलुपं. एकाची चावी तिच्याकडे, दुसऱ्याची लेखा विभागातल्या बिंदुमाधवरावांकडे. हे गृहस्थ कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि सांगितलेली गोष्ट अक्षरशः पाळणारे. दोघं असल्याशिवाय कपाट उघडायचं नाही.

मूळ किल्ली बनवायच्या दिवशी पाच साक्षीदार बसले. वासंती प्रत्येक आज्ञा आधी मोठ्याने वाचायची, मग टाइप करायची आणि बिंदुमाधवराव ती वेळेसकट नोंदवहीत उतरवायचे. सुमंतला हे जरा जास्तच वाटलं.

"मॅडम, सगळ्यांच्या किल्ल्या तुम्हीच इथे बनवा ना. फ्लॉपीवर घालून वाटून टाकू. दोन दिवसांत मोकळे."

"नको. मग प्रत्येकाची किल्ली आधी माझ्या हातातून गेली असं होईल."

"त्याने काय होतं?"

"उद्या कुणी म्हणेल, बाईने केलं."

सुमंत तिच्याकडे बघत राहिला. 'कुणी' म्हणजे कोण, हे त्याने विचारलं नाही. सूडासाठी का होईना, ही बाई कंपनीला कधी नव्हे इतकी चोख यंत्रणा देत होती, आणि त्याची तक्रार नव्हती.

नियमांचं चाळीस पानी पुस्तक तिने एकटीने लिहिलं. देशात अशा सहीला कायद्याचा आधार अजून नव्हता, म्हणून कंपनीच्या संचालकांकडून तिने ठराव करून घेतला की आपल्या घरात ही सही शाईच्या सहीइतकीच बांधील मानली जाईल. नवव्या कलमात तिने लिहिलं: चाचणी अभियंता हजर नसेल आणि काम तातडीचं असेल, तर विभागप्रमुख स्वतः चाचणी पाहून, स्वतःच्या किल्लीने दाखल्यावर सही करू शकेल. कलम रास्त होतं. हॉलंडच्या माणसालाही ते पटलं. पण ते लिहिताना वासंतीच्या डोळ्यांपुढे एकच विभागप्रमुख होता.

किल्ली बनवायला प्रत्येकाने जातीने यायचं, असा नियम होता. हयवदन रावांनी आपल्या स्टेनोला पाठवलं. वासंतीने त्याला परत पाठवलं. दुसऱ्यांदा पाठवलं, तिने पुन्हा परत केलं. तिसऱ्या दिवशी ते स्वतः जिना उतरून आले. दार बुटकं होतं, त्यांना वाकावं लागलं.

"ओळखपत्र, सर."

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखते. नोंदवहीत नंबर लागतो."

त्यांनी हसत कार्ड काढलं. त्यासाठीच ठेवलेल्या वेगळ्या यंत्रावर, त्यांच्याच हाताने, थेट त्यांच्या फ्लॉपीवर किल्ली बनली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा वासंती उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि बिंदुमाधवरावांनी तसं वहीत लिहिलं. मग तिने एक कागद पुढे केला: माझा पासवर्ड दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही, फ्लॉपी मी कुणाला देणार नाही, या किल्लीने झालेली प्रत्येक सही माझी. हयवदनांनी न वाचता शाईने सही ठोकली.

"एवढा खटाटोप एका शिक्क्यासाठी," जाताना ते म्हणाले. "स्वल्प जास्तच झालं, वासंती."

"सरी, सर," ठीक आहे म्हणत तिने कागद कपाटात ठेवला.

मग नुसतं थांबणं. सहा महिने गेले, आठ गेले. हयवदन प्रत्येक गोष्ट नियमाने करत होते आणि वासंतीची झोप उडत होती. माणूस सुधारला की काय, या शंकेने ती कासावीस व्हायची. सोयराबाईंनी एकदा ताटावर बसताना विचारलं, "कुणावर दात खायलीस गं रोज? अन्न अंगी लागंना झालंय तुझं."

"कामाचं आहे, अम्मा."

"काम असं तोंडावर दिसत नाही," सोयराबाई म्हणाल्या आणि आणखी एक चपाती वाढली.

नव्याण्णवच्या मार्चमध्ये हॉलंडचा मोठा लॉट निघायचा होता. एकशे अठरा व्हॉल्व्ह. शनिवारी मद्रासच्या बंदरात बोट सुटणार. सोमवारी येलहंक्याच्या टेस्ट बेंचचा दाबमापक बिघडला. नवा मुंबईहून यायला आठवडा लागणार होता. चाचणी अभियंता रक्षिता, चोविसाची मुलगी. तिने स्वच्छ सांगितलं की मापक नाही तर सही नाही. आणि बुधवारी ठरलेल्या रजेवर बहिणीच्या लग्नाला होसपेटला निघून गेली. त्याच दिवशी डिस्पॅचला रक्षिताच्या नावाचा साधा मेल आला, माल सोडावा म्हणून. डिस्पॅचने तो परत फिरवला: सही नाही, मान्य नाही. वासंतीला हे डिस्पॅचकडूनच कळलं. चार वर्षांनी तोच माणूस तेच करत होता.

गुरुवारी दुपारी एक वाजता तिचा फोन वाजला.

"वासंती, रक्षिताची फ्लॉपी हरवली आहे," हयवदन म्हणाले. आवाजात साखर होती. "तिच्या नावाची दुसरी बनवून माझ्याकडे दे. ती आली की मी देतो."

"तिला स्वतः यावं लागेल, सर."

"ती लग्नात आहे. माल आज निघायला हवा."

नियमात बसत नाही, एवढंच म्हणून वासंती फोन ठेवू शकली असती. मोठ्या साहेबांना सांगू शकली असती की बेंच बंद आहे. माल थांबला असता, हयवदनांना एक समज मिळाली असती, आणि सगळं पुन्हा पूर्ववत झालं असतं.

"नियमात एक वाट आहे," ती म्हणाली. "नववं कलम. चाचणी तुम्ही स्वतः बघितली असेल, तर तुमच्या किल्लीने सही चालते."

"माझ्या?"

"बघितली असेल तर."

"बघितली आहे ना. सगळी बघितली."

दोन वाजून पाच मिनिटांनी एकशे अठरा दाखले तिच्या यंत्रावर आले. प्रत्येकावर लिहिलेलं: पूर्ण दाबाला चाचणी केली, व्हॉल्व्ह उघडला. तिने एकेक सही ताडून बघितली. सगळ्या जुळल्या. सगळ्या हयवदन रावांच्या.

फोन हाताशी होता. येलहंक्याच्या फाटकावर एक शब्द सांगितला असता तर ट्रक आत अडला असता. पण मग ते म्हणाले असते, माल आवारातच होता, मी चाचणी करूनच सोडणार होतो, दाखले फक्त तयार ठेवले. फाटक ओलांडलं की ही पळवाट बंद. आणि प्रत्येक ट्रक बंदराच्या कागदांसाठी के. आर. पुरमच्या गोदामात थांबतो, तिथे सहज अडवता येईल. असा हिशेब मनाशी करून वासंती खुर्चीत बसून राहिली. मध्येच गंगव्वाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तो तिने बाजूला सारला.

दोन चाळीसला फाटकाचा सही केलेला मेल आला: गाडी सुटली. तिने तत्काळ गोदामाला फोन लावला.

"ती गाडी?" गोदामाचा मॅनेजर म्हणाला. "ती इथे येत नाही आज, अक्का. हयवदन सरांनी कागद सकाळीच मागवून घेतले. थेट मद्रास."

वासंती जिना दोन-दोन पायऱ्या करत चढली. सुमंतच्या खोलीत दार न वाजवता शिरली आणि एका दमात सगळं सांगितलं. सुमंतने पुढच्या दोन तासांत जिथे जिथे कंपनीचं माणूस होतं तिथे तिथे फोन केले. होसकोटेहून गाडी पुढे गेलेली होती. कोलारच्या एजंटने स्कूटर काढून रस्त्यावर माणूस उभा केला, पण त्याला ती दिसली नाही. वासंती खिडकीपाशी उभी होती. गाडी बंदरात गेली, पेट्या बोटीत चढल्या, तर कुठल्या परक्या गावात कोण बाई कुठल्या नळाशेजारी बसलेली असेल, हे तिला आता बाजूला सारता येईना. पाच वाजून दहा मिनिटांनी मुळबागलच्या पुढून फोन आला. डिझेलच्या पंपावर गाडी सापडली. ड्रायव्हर भजी खात होता.

गाडी येलहंक्याला परत आणली आणि शनिवारी नवा मापक विमानाने मागवून चाचणी घेतली. एकशे अठरापैकी नऊ व्हॉल्व्ह दाबाला उघडले नाहीत.

सोमवारी चौकशी बसली. मोठे साहेब, हॉलंडचा तपासनीस, सुमंत, बिंदुमाधवराव. या वेळी हयवदन टेबलाच्या पलीकडे होते आणि वासंती त्यांच्या बरोबर समोर. तिने ती जागा मुद्दाम धरली होती.

"कुणीतरी माझी फ्लॉपी वापरली," ते म्हणाले.

वासंतीने त्यांच्या शाईच्या सहीचा कागद पुढे सरकवला. त्यांनी तो या वेळी वाचला.

"मग हिनेच केलं. सगळी यंत्रणा हिच्या हातात आहे. हिचा माझ्यावर जुना राग आहे."

"आहे," वासंती म्हणाली. "चार वर्षांचा आहे. म्हणून तर तुमची किल्ली तुमच्याच हातून बनवून घेतली."

तपासनीसाने इंग्रजीत विचारलं, ही बाई यांच्या नावाने सही करू शकली असती का? याच प्रश्नासाठी ती थांबली होती. सुमंतने नोंदवही उघडली, तारखा-वेळा वाचून दाखवल्या. बिंदुमाधवरावांनी आपली चावी काढली, सगळे खाली गेले, कपाट उघडलं, यंत्र तपासलं. हयवदनांची खासगी किल्ली तिथे नव्हती, कधीच नव्हती. ती एकाच फ्लॉपीवर होती, आणि फ्लॉपी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

हयवदनांनी राजीनामा दिला. द्यायला लावला. शेवटच्या दिवशी फ्लॉपी परत करायला ते वाकून त्या खोलीत आले. अंगार तसाच होता, तोंड उतरलेलं. वासंतीने फ्लॉपी घेतली, वहीत नोंदली आणि एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"पंच्याण्णवचा मेल," ती म्हणाली. "कुणी पाठवला ते लिहा. दोन ओळी."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तो मी पाठवला हे तू सिद्ध करू शकत नाहीस."

"नाही. करू शकत नाही."

"मग मी का लिहू?" ते म्हणाले आणि गेले.

त्यांचं प्रमाणपत्र रद्द करायचं होतं. रद्द झालेल्यांची यादी कंपनीच्या प्रत्येक यंत्रावर आणि हॉलंडलाही जायची, कारणासकट. मोठ्या साहेबांचा निरोप आला की कारण क्रमांक एक लिहा: नोकरी सोडली. वासंतीने कारण क्रमांक चार लिहिलं: विश्वास काढून घेतला. मग यादी छापून ती स्वतः बसने येलहंक्याला गेली आणि कारखान्याच्या सूचनाफलकावर चार टाचण्यांनी लावली. लोक येऊन वाचत होते, ती बाजूला उभी राहून बघत होती. चार वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. तिच्या फायलीतला पंच्याण्णवचा ताशेरा मात्र तसाच राहिला. ते प्रकरण बंद झालंय, असं साहेबांनी सांगितलं.

पुढच्या आठवड्यात सुमंत खाली आला. हातात नोंदींचा कागद होता.

"दाखले दोन पाचला आले," तो म्हणाला. "तुम्ही गोदामाला फोन केलात दोन चाळीसला."

"हो."

"ताडून बघायला किती वेळ लागला?"

"सहा-सात मिनिटं."

त्याने कागदाची घडी घातली. "मॅडम, मी हे वर सांगणार नाही. पण दाखले ताडायचं आणि फाटकाला कळवायचं काम आता एकट्या माणसाकडे नको. रक्षिताला बरोबर घ्या. आणि कपाटाची चावी माझ्याकडे द्या. तुमच्यावर राग म्हणून नाही."

"माझ्यावर विश्वास नाही म्हणून."

"हो," सुमंत म्हणाला.

वासंतीने पर्समधून चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. चाळीस पानी पुस्तकात हा नियम राहून गेला होता, हे तिला मान्य होतं. हयवदन रावांबद्दल तिला कधी वाईट वाटलं नाही, पुढेही नाही. त्या नऊ व्हॉल्व्हचे नंबर मात्र तिला पाठ झाले होते. सुमंत गेल्यावर तिने पुस्तक उघडलं आणि नवव्या कलमाखाली नवीन कलम लिहायला घेतलं.